फ्रेंच काळ आणि ऐकण्याचा सराव: स्वतःची प्रगती कशी मोजावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरचे फ्रेंच शब्द उच्चारानुसार देवनागरीत लिहिले आहेत. ‘ज’ म्हणजे फ्रेंचमधला ‘मी’. ‘जे’ म्हणजे त्याच ‘मी’ला ‘आव्वार’ या सहाय्यक क्रियापदाचं रूप चिकटून झालेला उच्चार. ‘ॅ’ची खूण जिथे आहे, तिथला स्वर ‘ए’पेक्षा तोंड थोडं जास्त उघडून म्हणायचा असतो. पुढे बरंच काही या एका फरकावर अवलंबून आहे.

रोज किती वेळ अभ्यास केला याची नोंद पुरेशी नाही का?

नाही. तासांवरून मेहनत कळते, प्रगती नाही. अभ्यास नियमित होतोय का हे पाहायला ती नोंद जरूर ठेवा, पण तिच्याशेजारी दुसरा आकडा हवा: आधी न पाहिलेल्या मजकुरावर, कशाचीही मदत न घेता, ठरलेल्या वेळात किती जमलं. यातली एकही अट सोडली की आकडा फसवा होतो. पाठ झालेला ऑडिओ चौथ्यांदा ऐकला की तो ९० टक्के समजतो, पण तेव्हा कान कमी आणि स्मरण जास्त काम करत असतं.

दुसरी गोष्ट, काळ आणि ऐकणं यांच्या नोंदी वेगळ्या ठेवल्या तरी महिन्यातून एकदा त्या एकत्र तपासाव्या लागतात. वहीत अचूक लिहिलेला अँपार्फॅ (सवय किंवा चालू क्रिया सांगणारा भूतकाळ) बोलण्याच्या वेगात कानाला ओळखू येत नसेल, तर तो काळ अर्धाच शिकून झाला आहे.

सुरुवातीला काय मोजून ठेवायचं?

तीन गोष्टी. एका बैठकीत, साधारण ४५ मिनिटांत होतात.

पहिली, रूपांची तोंडी चाचणी. २० चिठ्ठ्या करा. प्रत्येकीवर एक कर्ता, एक क्रियापद आणि एक काळ लिहा, उदाहरणार्थ ‘आम्ही – घेणं – भविष्य’. चिठ्ठी उचलल्यावर ३ सेकंदांत रूप मोठ्याने म्हणायचं आणि सगळं फोनवर रेकॉर्ड करायचं. उशिरा आलेलं बरोबर उत्तर चूकच धरा. संभाषणात त्याहून जास्त सवड मिळत नाही.

दुसरी, २ मिनिटांचं मोकळं बोलणं. विषय साधा ठेवा: काल काय केलं, लहानपणी काय करायचो, उद्या काय करणार. हे तिन्ही भाग असले की पासे कोंपोझे (घडून गेलेली घटना सांगणारा भूतकाळ), अँपार्फॅ आणि भविष्यकाळ आपोआप वापरावे लागतात. रेकॉर्डिंग ऐकून आपलं बोलणं जसंच्या तसं, चुकांसकट लिहून काढा. एकूण क्रियापदं किती, बरोबर किती आणि वेगवेगळे काळ किती, हे मोजा.

तिसरी, ६० सेकंदांचं श्रुतलेखन. त्याची पद्धत खाली दिली आहे.

या दिवसाचं रेकॉर्डिंग पुसू नका. सहा महिन्यांनी त्याची तुलना करण्यासारखं दुसरं काहीही तुमच्या हाताशी नसेल.

काळांचा तक्ता कसा आखायचा?

उभ्या रकान्यात १२ क्रियापदं घ्या: असणं (एत्र), जवळ असणं (आव्वार), जाणं (आले), करणं (फॅर), येणं (वनीर), घेणं (प्रांद्र), शकणं (पूव्वार), इच्छिणं (वूल्वार), करावं लागणं (दव्वार), माहीत असणं (साव्वार), शिवाय नियमित गटांपैकी बोलणं (पार्ले) आणि संपवणं (फिनीर). आडव्या ओळीत काळ लिहा. हा तक्ता पक्का झाला की बाकीची बहुतेक क्रियापदं याच साच्यांत बसतात.

घरात टिकमार्क करू नका, १ ते ४ यांपैकी आकडा लिहा. १ म्हणजे वाचताना ओळखता येतं, २ म्हणजे विचार करून लिहिता येतं, ३ म्हणजे ३ सेकंदांत बोलता येतं, ४ म्हणजे वेगात ऐकून ओळखता येतं. आकडा वाढवण्यापूर्वी ते रूप वेगवेगळ्या दोन दिवशी जमलेलं असावं. आकडे नेहमी याच क्रमाने चढतील असं नाही. ऐकून खूप शिकलेल्या माणसाला ४ जमतं आणि २ जमत नाही. अशा वेळी जे जमतं ते सगळे आकडे लिहा, उदाहरणार्थ ‘१, ४’.

एवढी सगळी घरं भरायची म्हणजे शेकडो रूपं पाठ करायची का?

नाही, कारण बरेच काळ एकमेकांतून निघतात, आणि तक्त्यात ते दिसायला हवं.

अँपार्फॅ वर्तमानातल्या ‘नू’च्या म्हणजे ‘आम्ही’च्या रूपावरून तयार होतो. ‘नू प्रनों’मधला ‘ओं’ काढा, ‘ॅ’ लावा, ‘ज प्रनॅ’ झालं. याला अपवाद एकच, ‘एत्र’. म्हणून या रकान्यात ‘एत्र’ आणि इतर कोणतीही चार क्रियापदं तपासली तरी पुरे.

कोंदिस्योनेल (‘तर आलो असतो’ अशा अटीवरच्या वाक्यातलं रूप) म्हणजे भविष्यकाळाचा धातू आणि त्याला अँपार्फॅची शेवटं. धातू मात्र पाठच करावे लागतात: ‘सर’, ‘ऑर’, ‘ईर’, ‘फर’, ‘व्यँद्र’, ‘पूर’, ‘वूद्र’, ‘दव्र’, ‘सॉर’. त्यांचा वेगळा छोटा रकाना करा. तिथे ३ आकडा आला की भविष्यकाळ आणि कोंदिस्योनेल हे दोन्ही रकाने झपाट्याने भरतात.

पासे सँप्ल हा काळ कथा-कादंबऱ्यांत आणि इतिहासलेखनात भेटतो, रोजच्या बोलण्यात नाही. बी२ पातळीपर्यंत (ए१ ते सी२ या सहा पातळ्यांतली चौथी) तिथे १ आकडा असला तरी चालेल.

चुका मोजताना सगळ्या चुका सारख्याच धरायच्या का?

नको. इथेच बहुतेकांची नोंद निरुपयोगी होते. ‘१५ पैकी ९’ एवढंच लिहिलं तर उद्या कशाचा सराव करायचा ते कळत नाही. चार खुणा पुरतात:

- रू: काळ बरोबर निवडला, रूप चुकलं.
- नि: रूप बिनचूक, पण काळाची निवड चुकली.
- स: सहाय्यक क्रियापद चुकलं, ‘एत्र’च्या जागी ‘आव्वार’ किंवा उलट.
- जु: लिंग-वचनाची जुळणी राहिली.

‘रू’ जास्त असतील तर चिठ्ठ्यांचा सराव वाढवा. ‘नि’ जास्त असतील तर चिठ्ठ्यांनी काडीचा फरक पडत नाही. तिथे परिच्छेद वाचून प्रत्येक क्रियापदाशी थांबायचं आणि हाच काळ का, हे मराठीत एका ओळीत लिहायचं. ‘स’च्या चुका बहुधा मोजक्याच क्रियापदांत होतात. ‘सॉर्तीर’, ‘मोंते’, ‘देसांद्र’, ‘पासे’, ‘रांत्रे’, ‘रतूर्ने’ ही सहा क्रियापदं एरवी ‘एत्र’ घेतात (‘पासे’ मात्र अर्थानुसार ‘आव्वार’ही घेतं), पण पुढे कर्म आलं की सगळी ‘आव्वार’कडे वळतात. ती सहा एका कार्डावर लिहून ठेवा.

‘जु’बद्दल मराठी माणसाला एक सोय आहे. ‘ती गेली’, ‘त्या गेल्या’ हे आपल्या जिभेवर आहेच, त्यामुळे ‘एत्र’ घेणाऱ्या क्रियापदांची जुळणी परकी वाटत नाही. ‘मी चिठ्ठी लिहिली’ यात आपलं क्रियापद कर्माच्या मागे जातं. फ्रेंचमध्येही तसं होतं, पण कर्म क्रियापदाच्या आधी आलं तरच. ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ अशा रचनेत ‘एक्री’चं ‘एक्रीत’ होतं आणि शेवटचा ‘त’ चक्क ऐकू येतो. कर्म मागाहून आलं तर मात्र साधं ‘एक्री’.

मराठी बोलणाऱ्यांच्या ठरावीक चुका असतात का?

असतात, आणि ‘नि’ खुणेखालच्या बऱ्याच चुका त्यांतूनच येतात. पाच ठिकाणं नजरेत ठेवा.

‘काल मी त्याला भेटलो होतो.’ हे वाक्य आपण सहज बोलतो, आणि ‘होतो’ दिसलं की हात प्ल्यूस्क-पार्फॅकडे जातो. फ्रेंचमध्ये इथे साधा पासे कोंपोझे हवा. प्ल्यूस्क-पार्फॅ तेव्हाच, जेव्हा दुसऱ्या भूतकाळातल्या घटनेच्याही आधी काही घडून गेलेलं असतं: ‘मी पोचलो तेव्हा तो निघून गेला होता.’

‘जायचो’, ‘जात असे’ आणि ‘जात होतो’ ही तिन्ही रूपं फ्रेंचमध्ये अँपार्फॅत येतात. सवय आणि चालू क्रिया यांना मराठीत वेगळी रूपं आहेत, फ्रेंचमध्ये एकच. ‘गेलो’ मात्र पासे कोंपोझे. मनातलं मराठी वाक्य ‘-चो, -चे’ किंवा ‘-त होतो’ असं संपतंय का, एवढं पाहिलं तरी बरीचशी निवड बरोबर येते. अडचण येते ‘होतं’, ‘वाटलं’, ‘माहीत होतं’ अशा स्थितिदर्शक क्रियापदांत. पार्श्वभूमी सांगत असाल तर तिथे अँपार्फॅ, एका क्षणी घडलेला बदल सांगत असाल तर पासे कोंपोझे.

‘वेळ असता तर आलो असतो.’ आपल्या वाक्याचे दोन्ही भाग एकसारखे दिसतात, म्हणून फ्रेंचमध्येही दोन्हीकडे कोंदिस्योनेल टाकला जातो. ‘सी’च्या म्हणजे ‘जर’च्या बाजूला तो कधीच येत नाही: ‘सी जावॅ ल तां, ज व्यँद्रॅ.’ ‘जर’कडे अँपार्फॅ, ‘तर’कडे कोंदिस्योनेल.

‘तो आला तर मी निघेन.’ ‘आला’मुळे भूतकाळ सुचतो, पण फ्रेंचला इथे वर्तमानकाळ लागतो: ‘सील व्यँ, ज पार्तीरे.’

पाचवं ठिकाण फायद्याचं आहे. ‘तो येईल तेव्हा मी निघेन’ यात मराठीत दोन्हीकडे भविष्यकाळ, फ्रेंचमध्येही दोन्हीकडे. ‘दोन वर्षांपासून शिकतोय’ यात मराठीत वर्तमानकाळ आणि ‘दप्वी’ (‘-पासून’) घातलेल्या फ्रेंच वाक्यातही वर्तमानकाळ. इंग्रजीमार्गे फ्रेंच शिकणारे या दोन्ही जागी अडखळतात. तुम्ही मराठीतून विचार केलात तर बरोबर याल.

ऐकण्याची प्रगती आकड्यांत कशी मांडायची?

श्रुतलेखनाने. ‘साधारण ६० टक्के समजलं’ हा अंदाज झाला, आणि तो मूडप्रमाणे बदलतो.

लिखित मजकूर उपलब्ध असलेला ६० सेकंदांचा नवा ऑडिओ निवडा. पहिल्यांदा न थांबता ऐका आणि विषय एका ओळीत लिहा. दुसऱ्यांदा प्रत्येक वाक्यानंतर थांबवून ऐकू येईल ते लिहा. तिसऱ्यांदा पुन्हा न थांबता ऐका आणि सुटलेलं भरा. चौथी वेळ घ्यायची नाही. मग मूळ मजकुराशी ताडून दोन आकडे काढा: बरोबर शब्दांचं प्रमाण आणि बरोबर क्रियापदांचं प्रमाण.

समजा मजकूर १४० शब्दांचा आहे आणि ९८ बरोबर आले, म्हणजे ७० टक्के. त्यातली क्रियापदं २२ आणि बरोबर आली ११, म्हणजे ५० टक्के. शब्दांपेक्षा क्रियापदं इतकी मागे असतील तर शब्दसंग्रह वाढवून ही दरी भरणार नाही. कानाला काळाची शेवटं ऐकू येत नाहीयेत.

मजकुराचे शब्द मोजून तो किती सेकंदांत बोलला गेला हेही लिहा. मिनिटाला ११० शब्दांच्या ऑडिओवर ८० टक्के आणि १७० शब्दांच्या ऑडिओवर ८० टक्के यांत मोठं अंतर आहे.

चुकलेल्या प्रत्येक शब्दासमोर कारण लिहा: शब्दच माहीत नव्हता, माहीत होता पण जोडून बोलल्यामुळे ओळखला नाही, काळ चुकीचा ऐकला, की ऐकला बरोबर आणि लिहिला चुकीचा. शेवटचा प्रकार फ्रेंचमध्ये फार होतो. ‘पार्ल’ असा एकच उच्चार असलेली वर्तमानकाळाची चार रूपं तीन वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिली जातात. ही कानाची चूक नव्हे, ऐकण्याच्या गुणांतून ती वगळा.

वाचताना कळणारा काळ ऐकताना का निसटतो?

कारण सगळा फरक एका स्वरावर उभा असतो. ‘जे पार्ले’ म्हणजे मी बोललो, ‘ज पार्लॅ’ म्हणजे मी बोलायचो. पुढे ‘ए’ की पुसट ‘अ’, मागे ‘ए’ की ‘ॅ’, बस एवढंच. ‘इल दी’ म्हणजे तो म्हणतो, ‘इला दी’ म्हणजे तो म्हणाला. मधला ‘आ’ डोळ्याला स्वतंत्र शब्द दिसतो, पण बोलताना ‘इल’ला चिकटून जातो. ‘ईल सों’ म्हणजे ते आहेत, ‘ईल झों’ म्हणजे त्यांच्याकडे आहे. ‘झ’ ऐकला नाही तर पासे कोंपोझेतलं सहाय्यक क्रियापदच बदलून बसतं.

काही जागा सोप्या आहेत, तिथे गुण लवकर मिळवा. ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’च्या रूपांत वर्तमान आणि अँपार्फॅ यांच्यात ‘य’ येतो: ‘पार्लों’ – ‘पार्ल्यों’, ‘पार्ले’ – ‘पार्ल्ये’. ‘तो’च्या बाबतीत भविष्य ‘पार्लरा’ आणि कोंदिस्योनेल ‘पार्लरॅ’ स्पष्ट वेगळे आहेत. ‘मी’च्या बाबतीत मात्र ‘पार्लरे’ आणि ‘पार्लरॅ’ हे कित्येक फ्रेंच भाषक सारखेच उच्चारतात, तिथे संदर्भावरूनच ठरवायचं. अशी जागा चुकली तर स्वतःला गुण कापू नका.

अनेकवचनही बऱ्याचदा शेवटच्या व्यंजनावरून कळतं: ‘फिनी’ – ‘फिनीस’, ‘द्वा’ – ‘द्वाव’, ‘व्यँ’ – ‘व्येन’, ‘सॅ’ – ‘साव’.

सरावासाठी अशा जोड्यांची २० वाक्यं कोणाकडून तरी किंवा यंत्राच्या आवाजात रेकॉर्ड करून घ्या, क्रम उलटसुलट करा आणि फक्त काळाचं नाव लिहा. वीसपैकी दहा बरोबर म्हणजे निव्वळ अंदाज. सलग तीन दिवस १७ किंवा जास्त आले की तक्त्यात त्या घरात ४ लिहा.

बोलण्यातलं फ्रेंच पुस्तकापेक्षा इतकं वेगळं का ऐकू येतं?

अक्षरं गळतात. नकारातला ‘न’ बोलताना बहुधा जातो, ‘ज न सॅ पा’चं ‘शे पा’ होतं. ‘ज स्वी’चं ‘श्वी’, ‘त्यू आ’चं ‘ता’, ‘इल य आ’चं नुसतं ‘या’. अशा आखडलेल्या रूपांची वेगळी यादी ठेवा आणि नैसर्गिक बोलण्यात ऐकू आलेल्या प्रत्येक रूपापुढे एक रेघ मारा. पाच रेघा झाल्या की ते रूप कानात बसलं असं धरायला हरकत नाही.

मोजण्यासाठी ऑडिओ कुठून घ्यायचा?

सोबत लिखित मजकूर हवा आणि अवघडपणा बऱ्यापैकी स्थिर हवा. आरएफआय या फ्रेंच नभोवाणीचं सोप्या फ्रेंचमधलं १० मिनिटांचं बातमीपत्र यासाठी चांगलं. त्यातलं एक मिनिट घ्या. टीव्ही ५ मोंदच्या शिकणाऱ्यांसाठीच्या विभागात ए१ ते बी२ अशी पातळीवार वर्गवारी आहे. चित्रपट आणि मालिका सरावाला उत्तम, मोजायला वाईट, कारण एका प्रसंगाचा वेग पुढच्या प्रसंगात टिकत नाही. उपशीर्षकं चालू ठेवून ऐकलेलं नोंदीत धरू नका, ते वाचन झालं.

किती दिवसांनी मोजावं?

आठवड्यातून एकदा चिठ्ठ्या आणि जोड्या, २० मिनिटं. महिन्यातून एकदा श्रुतलेखन आणि २ मिनिटांचं बोलणं. रोज श्रुतलेखनाचे गुण मोजू नका. ऑडिओ बदलला की आकडा १० टक्क्यांनी सहज खालीवर होतो आणि उगीच हिरमोड होतो. दर महिन्याला तीन वेगवेगळ्या ऑडिओंची सरासरी घेतली तर तो विश्वासार्ह.

गुण दोन महिने जागचे हलले नाहीत तर?

आधी वेगाचा रकाना पाहा. ऑडिओ अवघड होत गेला आणि गुण तेवढेच राहिले, तर ती वाढच आहे. वेगही तोच असेल तर चुकांच्या खुणा मोजा. बेरीज तीच असली तरी ‘रू’ कमी होऊन ‘नि’ वाढलेले असतात. नवीन काळ वापरायला घेतल्यावर असं होणारच. स्यूब्जोंक्तीफ (इच्छा, शंका अशा वाक्यांत लागणारं रूप) शिकताना जुन्या वर्तमानकाळातही काही दिवस घोळ होतो. त्यासाठी त्या महिन्यात जुन्या काळांच्या ५ चिठ्ठ्या मुद्दाम मिसळा.

खुणाही तशाच असतील तर सरावाचा प्रकार बदला. तोच ऑडिओ वाक्यावाक्याने लगेच मागोमाग म्हणायचा, रोज १० मिनिटं, तीन आठवडे. जो उच्चार तोंडाला वेगळा करता येतो तो कानाला लवकर वेगळा कळतो, ‘ए’ आणि ‘ॅ’च्या बाबतीत तर फारच.

ॲपवरची सलग दिवसांची साखळी ही प्रगती मानावी का?

हजेरी मानावी. पर्यायांतून बरोबर रूप निवडणं तक्त्यातल्या १ आकड्यापुढे जात नाही.

परीक्षेच्या पातळ्यांशी या नोंदी कशा जोडायच्या?

ए१ ते सी२ या पातळ्या युरोप परिषदेच्या २००१ च्या आराखड्यातल्या आहेत, आणि त्या काय करता येतं याबद्दल आहेत, क्रियापदाचे किती काळ शिकलात याबद्दल नाहीत. डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही भागांना प्रत्येकी २५ गुण असतात. उत्तीर्ण व्हायला १०० पैकी ५० लागतात, आणि एकाही भागात ५ पेक्षा कमी चालत नाहीत. म्हणजे ऐकण्यात ४ आले तर बाकी तीन भाग उत्तम असूनही उपयोग नाही. डेल्फचं प्रमाणपत्र कायमचं असतं, टीसीएफ या दुसऱ्या फ्रेंच परीक्षेचा निकाल २ वर्षं चालतो. तारीख ठरवताना हे लक्षात घ्या.

परीक्षेच्या तीन महिने आधीपासून महिन्याच्या श्रुतलेखनाच्या जोडीला त्या पातळीची एक पूर्ण नमुना चाचणी द्या, घड्याळ लावून आणि ऑडिओ नेमून दिला असेल तितक्याच वेळा वाजवून.

वही बरी की स्प्रेडशीट?

तक्ता भिंतीवर, कागदावर बरा, कारण रिकामी घरं रोज डोळ्यांसमोर राहतात. गुण आणि वेग स्प्रेडशीटमध्ये, म्हणजे आलेख निघतो. रेकॉर्डिंगच्या फाइलच्या नावात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख घाला, म्हणजे फाइल आपोआप ओळीने लागतात.

मध्ये दोन महिने खंड पडला तर नोंद पहिल्यापासून सुरू करायची का?

नको. जुना तक्ता तसाच ठेवा आणि ३ व ४ आकडे असलेल्या घरांतून २० चिठ्ठ्या काढून पुन्हा परीक्षा घ्या. जिथे चुकलात तिथला आकडा एकाने खाली आणा, वेगळ्या रंगाने. १ आणि २ आकड्यांची रूपं सहसा टिकून असतात, ३ ची पहिल्यांदा जातात. ती परत आणायला नव्याने शिकण्याइतका वेळ लागत नाही. पहिला आठवडा फक्त या रंगीत घरांना द्या, नवा काळ दुसऱ्या आठवड्यापासून घ्या.